रोजचं रनिंग

"काका, तुमचं रनिंग किती होईल?" शोरूममधल्या मुलीने विचारलं. "त्यावर ठरवू, डिझेल की पेट्रोल."

श्रीपती चौगल्यांनी शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. एसटीचे धक्के इंदुमतीला आता सोसवत नव्हते, म्हणून तर गाडी घ्यायची होती. "गारगोटी ते कोल्हापूर," ते म्हणाले. "येऊन-जाऊन शंभर किलोमीटर, आठवड्यातून चारदा. हिचे उपचार चालू आहेत."

"मग डिझेलच घ्या. गाडी महाग पडते, पण एवढ्या रनिंगला तीन-चार वर्षांत फरक भरून निघतो. पुढे सगळा फायदाच."

डॉक्टरांनी श्रीपतींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार तर दिवाळीपर्यंत. इंदुमतीला त्यांनी ते कळू दिलं नव्हतं. आता पेट्रोल म्हटलं तर तिला शंका येईल, या धास्तीने ते घाईघाईने म्हणाले, "डिझेलच लिहा."

"नको," इंदुमती म्हणाली. "पेट्रोलची घ्या."

"अगं, पण चार वर्षांत..."

"अहो, नंतर तुम्हाला एकट्याला कुठं एवढं फिरायचंय? बाजार, बँक नि घर. त्याला पेट्रोलच बरी."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, कधीपासून कोण जाणे. मुलगी पेन धरून थांबली होती.

"पेट्रोल लिहा," श्रीपती अखेर म्हणाले. डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या मनाने आजवर मानलं नव्हतं. आता ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं.