रिंगणीचं आमंत्रण

रिंगणीचं झुडूप उपटताना काटे बोटांत घुसले तरी झाडपाल्याचं औषध देणाऱ्या तानाक्काने तोंडातून शब्द काढला नाही. रिंगणीचं मूळ घरी येईपर्यंत बोलायचं नसतं. आदल्या सांजेला तिने झुडपापुढे तांदूळ ठेवून रीतीप्रमाणे आमंत्रण दिलं होतं, "बायजाकाकूच्या खोकल्यासाठी उद्या चल." ज्याच्या नावाने बोलावलं, मूळ त्याचंच.

घरी आली तर तिची सात वर्षांची सुली दम लागून काळीनिळी पडली होती. रिंगणीला नव्याने बोलवायचं तर एक रात्र हवी, आणि सुलीपाशी घटकाभरही वेळ नव्हता. तानाक्काने मूळ ठेचलं आणि रस मधातून पोरीला चाटवला. "काकूला उद्या दुसरं आणीन," ती स्वतःशीच पुटपुटली.

ऊन अंगणात येईतो सुलीची छाती मोकळी झाली. तानाक्का तिला कुशीत घेऊन पोटभर रडली.

तेवढ्यात बायजाकाकूच्या घराकडून आक्रोश ऐकू आला. म्हातारी गेली होती. तिची शेळी दावं तोडून पळत आली, ती थेट तानाक्काच्या घरात शिरली आणि सुलीच्या अंथरुणाशी बसली.

एरवी शेळीला घाबरणाऱ्या सुलीने तिच्या कानामागे सवयीने खाजवलं. मग आईकडे पाहून, बायजाकाकू बोलायची त्याच सुरात म्हणाली, "ताने, माझ्या चांदीला पाणी पाज गं, पोरी."