शस्त्रक्रियेची गरज नाही

"बाई, एवढं वाचा की. मोतीबिंदूनं अक्षर दिसंना," पारूबाईंनी रुग्णालयाचा कागद पुढे केला.

"शस्त्रक्रियेची गरज नाही," मृण्मयी दाबके यांनी वाचले. शासनाच्या या आरोग्य-अर्थतज्ज्ञ रुग्णालयाच्या पाहणीला आल्या होत्या आणि कागदावरचे वाक्य त्यांच्याच नियमातले होते. रुग्ण किती जगेल याचे भाकीत करणाऱ्या यंत्राने ज्याला वर्षभरही आयुष्य दिले नाही, त्याच्यावर खर्च नको. भाकीत त्याला कळायलाही नको. पण मागे रांगेत उभ्या रुग्णांना त्या वाक्याचा अर्थ ठाऊक होता.

"म्हंजे आपोआप निवळंल!" पारूबाई हसल्या. "मग पुढच्या दिवाळीलाच जाते लेकीकडं. नातीचं तोंड नीट दिसंल."

भाकीत फोडणाऱ्याला तुरुंग, हे कलमही मृण्मयींचेच. त्यांनी रांगेकडे एकदा पाहिले.

"दिवाळीची वाट बघू नका, पारूबाई," त्या म्हणाल्या. "आजच निघा."