बदली माणूस

"निकिता आली नाही, मॅडम. तिचा भाग मी सांगतो," असं म्हणून कपिल फळ्यापाशी जाऊन उभा राहिला.

"तुले त्यातलं काही समजते काय बे?" मागून अय्याजनं टोमणा मारला. एम.टेक.चा सगळा वर्ग हसला.

समीक्षा मॅडम हसल्या नाहीत, पण मनातून खूश झाल्या. प्रकल्प व्यवस्थापन शिकवताना वर्षभर त्यांनी एकच गोष्ट मुलांकडून घोटून घेतली होती. काम कोणा एकावर अडता कामा नये. माणूस आजारी पडतो, गावाला जातो, त्याच्या घरी काही होतं. म्हणून प्रत्येक कामामागे एक बदली माणूस हवा, आणि त्याला ते काम खरोखर यायला हवं. मुलं अहवालात बदली माणसाचं नाव लिहीत आणि विसरून जात. आज पहिल्यांदाच एक बदली माणूस प्रत्यक्ष उभा राहिला होता.

"बघा, याला म्हणतात नियोजन," त्या वर्गाला म्हणाल्या. "कपिल, सुरू कर."

लोहाऱ्याला सोयाबीनचं गोदाम बांधायचं, हा या गटाचा परीक्षेचा प्रकल्प. त्यातलं वेळापत्रक निकिताकडे होतं. कोणतं काम लांबलं तर चालेल आणि कोणतं लांबलं तर सगळंच अडेल, ते तिनं सांगायचं होतं. कपिलनं बरी सुरुवात केली. पाया संपवून तो छपरापर्यंत आला आणि तेवढ्यात वर्गाचं दार उघडलं.

दारात निकिता होती. केस कसेबसे बांधलेले, पायांत घरातल्याच स्लिपर. "येऊ का, मॅडम?" असं विचारून उत्तराची वाट न बघता ती आत आली आणि कपिलच्या हातातला मार्कर तिनं काढून घेतला.

"अवं, मी करून राह्यलो न," कपिल हळूच म्हणाला.

"बस तू."

ती चांगली बोलली. आवाज सपाट होता, पण कुठे अडखळली नाही. समीक्षा मॅडमनी तिच्या नावापुढे भरघोस गुण मांडले. तेवढ्यात त्याच गटातली उमेरा टेबलापाशी येऊन वाकली.

"मॅडम, तिले लवकर सोडा न. परवा तिचे बाबा गेले. आज राख सावडायची आहे. घरचे सारे तिच्यासाठीच थांबून राह्यले."

मॅडमनी कपिलकडे पाहिलं. यानं आधी का नाही सांगितलं? मग त्यांच्या ध्यानात आलं, आपण विचारलंच नव्हतं. निकिता का आली नाही हे न विचारता आपण नियोजनाचं कौतुक करून मोकळे झालो.

वर्ग तिथेच सोडून त्या निकिताबरोबर जिना उतरल्या. फाटकाबाहेर एक पिकअप उभी होती. निकिताचे मामा गाडीला टेकून वाट पाहत होते. मॅडमना पाहून ते सरळ उभे राहिले.

"झाली काय परीक्षा, बाई?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "सकाळपासून हिचं एकच, कॉलेजात जायचंच म्हणे. तिकडं लोकं नदीवर बसून हायेत. आता कळंबच्या पुढं जाऊ कवा अन् पोचू कवा."

ते गाडीत जाऊन बसले. निकिता दार उघडून चढणार, तोच मॅडमनी तिचा दंड धरला.

"कपिल तयार होता, निकिता. तू नसती आलीस तरी एक मार्कही गेला नसता. अशा दिवशी काहून आलीस?"

"तुमच्या वेळी ढोबळे सर तयार होते, मॅडम," ती म्हणाली. "तरी तुम्ही आलत्या."

मॅडमचा हात सुटला.

दिवाळीनंतर मॅडमचे वडील गेले होते. त्यांना पोचवून आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या वर्गावर आल्या होत्या. त्यांचा तास घ्यायला ढोबळे सर पुस्तक हातात घेऊन निघालेही होते. त्यांना परत पाठवून मॅडमनी पूर्ण तास शिकवलं, आवाज हलू दिला नाही. पुढे स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे. तो शब्द त्यांना आवडला होता. त्यांनी तो खोडून काढला नाही. आणि आता तोच शब्द घेऊन ही पोर बापाची राख नदीवर ठेवून आली होती.

"अगं, मी कामासाठी नव्हते आले," त्या म्हणाल्या. हे त्या पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होत्या. "बाबांची खाट उचलून भिंतीला उभी करून ठेवली होती. ती मला बघवेना. मी घरातून पळून आले होते. कोणाला कळू नये म्हणून जास्तच नीट शिकवलं. त्यातून तू हे असलं काही शिकायचं नव्हतं."

मामांनी गाडी सुरू केली. निकिता आत बसली, तिनं दार लावलं आणि काच खाली केली. वर्गात कोरडे असलेले तिचे डोळे आता भरून आले होते.

"मलेबी घरात बसवत नव्हतं," ती म्हणाली. "अन् तुमचंबी तसंच होतं, हे माहीत होतं आमाले. त्या दिवशी तुम्ही एकच आकृती दोनदा काढली, मॅडम. आमी कोणीच काही बोललो नाही. दोन्ही वेळा उतरवून घेतली."