हर्षदाची हनुवटी

आमची नात हर्षदा तीन पोरांच्या मागं भिंतीला लागून उभी राहते, हे मला बिलकूल पटत नव्हतं. त्यांच्या बँडचा पहिला अल्बम आला, त्याच्या चित्रातही हिचा निम्माच चेहरा. मी लेकाला बजावलं, "कार्यक्रमाला मी येणार. पोरीला नुसतं मागं ठेवलं असेल, तर तिथनंच घरी आणते."

सांगलीच्या नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसले. गिटारी कडाडल्या, ड्रम छातीत वाजायला लागला. मी गाणाऱ्याची वाट बघत होते. लेक म्हणाला, "आई, यांच्यात कुणी गात नाही. नुसतं वाजवतात."

आता आली का पंचाईत. आमच्या भजनी मंडळात मी ओळ उचलते आणि बाकीच्या माझ्या तोंडाकडे बघतात. इथं ओळच नाही, मग सूर कधी बदलायचा, थांबायचं कधी, हे यांना सांगतं कोण? मी ऐकायचं सोडून पोरांचे डोळे बघत बसले.

तिघंही सारखे मागं बघत होते. आपली जाड तारांची गिटार वाजवता वाजवता हर्षदा हनुवटी जराशी उचलायची, की सूर बदलायचा. तिनं मान खाली घातली, तसे तिघं एकदम गप्प झाले. अख्खं नाट्यगृह टाळ्या वाजवत उभं राहिलं.

कार्यक्रम संपल्यावर ती भीत भीत जवळ आली. माझी धमकी तिच्या कानावर गेलेलीच होती. मी म्हटलं, "मागंच उभी राहत जा गं. पुढं आलीस तर या तिघांवर लक्ष कोण ठेवणार?"