म्हाताऱ्याचे काय झाले

“म्हातारा बुडाला,” पहिली मुलगी म्हणाली.

“जहाजवाल्यांनी वाचवलं त्याला,” दुसरी म्हणाली.

तिसऱ्याने त्याला देवमाशाच्या तोंडी दिले. चौथ्याने तर, त्या वयात, त्याचे लग्न लावून दिले. सातवीचा वर्ग खदखदून हसला आणि इंग्रजीच्या बाईंनी हातातला खडू टेबलावर असा आपटला की त्याचे तुकडे झाले.

सुट्टीत वाचायचे पुस्तक सर्वांना एकच होते, शाळेने गठ्ठ्याने मागवलेले. दीपगृहाचा म्हातारा राखणदार दिव्याचे तेल आणायला धुक्यात होडी घेऊन जातो आणि नात रात्रभर दिवा पेटता ठेवून त्याची वाट पाहते. गोष्ट लहान, इंग्रजी सोपे. शेवटी काय होते, एवढेच वर्गात सांगायचे होते. आणि जितकी तोंडे तितके शेवट निघत होते.

बाईंचा पारा चढत गेला. धड्याबाहेरचे पुस्तक हातात द्या, मुले आपण होऊन वाचतील, असे त्यांनी मुख्याध्यापकांना छातीठोकपणे सांगितले होते. मुख्याध्यापक नुसते हसले होते, आणि पुढच्या वर्षीची पुस्तके यंदाच्या वाचनावर ठरतील, असे म्हणाले होते.

“पुस्तक कोणी कोणी वाचलंय? खरं सांगा.”

सगळे हात वर झाले. त्यामुळे तर बाईंच्या डोक्यावरून पाणी गेले. न वाचणे एक वेळ समजता येते. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वर हातही उचलायचा?

पहिल्या बाकावर त्यांची स्वतःची मुलगी बसली होती. शाळेत तीही त्यांना ‘बाई’च म्हणत असे, आणि पक्षपात नको म्हणून तिचा क्रम नेहमी शेवटी येत असे.

“म्हातारा समुद्राकडून येतच नाही, बाई,” ती उभी राहून म्हणाली. “होडी खडकावर फुटते. तो जमिनीच्या बाजूने चालत घरी येतो, आणि दिवसाउजेडी दिवा जाळून तेल फुकट घालवलं म्हणून नातीलाच रागावतो.”

आजवर बाईंनी तिचे वर्गात कधी कौतुक केले नव्हते. आज मात्र राहवले नाही.

“ऐकलंत? वाचलं की असं सांगता येतं. बाकीच्यांनी उद्या आईवडिलांना घेऊन यायचं.”

“रागावतो?” मागच्या बाकावरून आवाज आला. तो सगळे ज्याला ‘शिडी’ म्हणत त्या उंच मुलाचा होता. “रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला तिच्या. वात जळून संपली तेव्हा स्वतःच्या स्कार्फची वात लावली तिने. आणि वर हाच रागावतो?”

बाई त्याच्या बाकापर्यंत गेल्या. “इतका कळवळा आहे तर शेवट चुकला कसा? काढ पुस्तक. शेवटचं पान वाच, मोठ्याने.”

शिडीने पुस्तक पोटाशी धरले. बाईंनी ते ओढून घेतले आणि शेवटचे पान उघडले. दाराबाहेर पावले वाजली, नात धावली, आणि तिथे अर्ध्या वाक्यात पुस्तक संपले. पुढे पुठ्ठा.

“पानं कुठे गेली?”

“आमच्या बाळाने फाडली असतील,” शिडी जमिनीकडे बघत म्हणाला.

पण काहीच फाटलेले नव्हते. शिलाई सरळ आणि घट्ट होती. बाईंनी शेजारचे पुस्तक उचलले. त्यातही पुठ्ठा. त्याच्या पुढचेही तसेच. पुस्तके बांधणाऱ्याने साऱ्या गठ्ठ्यात शेवटची पानेच शिवली नव्हती.

“अरे, मग सांगायचं नाही का मला?”

“तुम्हीच म्हणाला होतात, बाई,” देवमासेवाला म्हणाला. “एक पान जरी गेलं तरी आईवडिलांना घेऊन यायचं. मला वाटलं, माझंच कुत्र्याने खाल्लं.”

“मला वाटलं, दादाने मुद्दाम केलं,” बुडवणारी म्हणाली.

“म्हणून शेवट आपापला लावला,” लग्न लावणाऱ्याने खुलासा केला. “मला म्हातारा मारवेना.”

बाईंना हसू आले. म्हणजे वर झालेला प्रत्येक हात खरा होता. पुस्तक जिथे तुटले होते, तिथपर्यंत सगळी पोरे पोचली होती. मुख्याध्यापकांना आता काय सांगायचे, ते त्या मनात जुळवूही लागल्या.

“बाई, मग हिच्या पुस्तकात ती पानं आहेत,” शिडी एकदम उठला. “ए, दे ना. मला वाचायचंय तो कसा रागावतो ते.”

अर्धा वर्ग पहिल्या बाकाभोवती गोळा झाला. कोणीतरी पुस्तक उघडले. नवी पाने एकमेकांना चिकटलेली होती. ती करकरत सुटली. दाराबाहेर पावले वाजली, नात धावली, आणि पुढे पुठ्ठा.

सुट्टीत एकदा वेणी घालून घेता घेता मुलीने विचारले होते, “आई, शेवटी काय होतं गं?” बिचारीला दम निघत नाही, अशा कौतुकाने बाईंनी कॉलेजात असताना वाचलेला शेवट, तोंडातल्या पिना सांभाळत, तिला सांगून टाकला होता.

मुले हळूहळू जागेवर जाऊन बसली. बाई फळा पुसू लागल्या. त्यावर काही लिहिलेलेच नव्हते.

“बाई,” बुडवणारीने भीत भीत विचारले, “मग उद्या आईवडिलांना कोणी आणायचं?”

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिने फळ्याकडे तोंड केलेल्या पाठीकडे पाहिले.

“माझी आलीय,” ती म्हणाली.