थाळीचं बटण

अर्धांगवायूनं वडिलांची, अप्पांची, वाचा गेली, तेव्हा शिवप्रिया पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायचं ठरवून गावी, मुरूमला आली. वेबसाइटसाठी चित्रांची बटणं करणं हेच तिचं काम. चित्राच्या फाइलचं एकदा बटण करून ठेवलं, की ते कुठल्याही पानावर, हव्या त्या शब्दांसह पुन्हा वापरता येतं.

तिनं अप्पांसाठी पेला, थाळी, पंखा, गोळी अशी चित्रं काढली, त्यांची बटणं केली आणि टॅबवर एक पान तयार केलं. बटण दाबलं की टॅब बोलायचा, "पाणी द्या", "जेवायला वाढा".

अप्पांनी डाव्या हातानं सगळी बटणं दाबून पाहिली. मग पानभर बोट फिरवत काहीतरी शोधलं आणि टॅब बाजूला सारला.

"काय राहिलं, अप्पा?" शिवप्रियाचा चेहरा उतरला.

अप्पांची उशी सारखी करत आई म्हणाली, "ह्यात समदं मागायचंच हाय गं. त्यांना कुणाला काय इचारायचं असंल तर?"

शिवप्रियानं थाळीचं तेच बटण पानावर आणखी एकदा ठेवलं आणि त्या दुसऱ्याचे शब्द तेवढे बदलले.

दुपारी अप्पांना भरवून आई उठली, तोच मागून टॅब बोलला, "तू जेवलीस का?"

आई दारातच थांबली. घरात आजारपण आल्यापासून हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

"न्हाय अजून," ती म्हणाली आणि स्वतःसाठी वाढून घेऊन अप्पांच्या समोर येऊन बसली.