जड लागेपर्यंत

मुलांनो, कल्पना करा. तुम्ही रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये उभे आहात. समोर चाळीस लोखंडी दांडे ओळीनं उभे, तुमच्या खांद्याला लागतील एवढे. एक ओढला की लांबलचक तारेनं दूरवरच्या सिग्नलचा हात खाली येतो, दुसरा ओढला की रूळ सरकतात. आणि उद्या सकाळी दहा वाजता हे सगळे मुके होणार आहेत. शेजारच्या खोलीत चाळीस बटणांचं टेबल येऊन बसलंय.

त्या टेबलापाशी नऊ वर्षांची एक मुलगी स्टॉपवॉच घेऊन उभी होती. तिची आई केबिनवाल्यांना बटणं शिकवायला आली होती. शाळेला सुट्टी, म्हणून मुलगीही बरोबर. आई जागा पुकारायची, समोरचा माणूस बटण दाबायचा, मुलगी वेळ बघायची. पाच सेकंदांच्या आत दाबलं तर पास. बटणं अजून जोडलेली नव्हती, त्यामुळे चुकलं तरी बिघडत नव्हतं.

सहा जण पास झाले. राहिले होते काका. तीस वर्षं दांडे ओढून त्यांच्या तळव्यांना घट्टे पडले होते.

"मालधक्का!" आई म्हणाली.

काकांचं बोट बरोबर बटणावर गेलं. आणि तिथंच थांबलं.

"आठ सेकंद," मुलगी हळूच म्हणाली.

"काका, बटण काय मुहूर्त बघून दाबायचं?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे खो खो हसले.

ही तिसरी खेप होती. आता नापास झाले, तर काकांची केबिन सुटणार. उद्यापासून पार्सलचं कोठार. आईनं कागदावर पेन टेकवलं, पण तिला लिहवेना.

"काका, बटण तर तुम्हाला लगेच सापडतं. मग थांबता कशाला?"

काका ओशाळले. "जड लागायची वाट बघतो, ताई."

कुणालाच काही कळेना. तेव्हा काका सगळ्यांना दांड्यांपाशी घेऊन गेले. गाडी यायला अवकाश होता. खांद्यावरचं फडकं त्यांनी हातात घेतलं. घामानं दांडा गंजू नये म्हणून ते तो नेहमी फडक्यानंच धरायचे. मग डोळे मिटले.

"बाळ, कुठल्याही दांड्यावर माझा हात ठेव."

मुलीनं ठेवला. काकांनी दांडा बोटभर ओढला आणि सोडला.

"सतरा. पुलापलीकडचा सिग्नल. तार उन्हानं सैल पडलीये, सकाळी हा याहून जड होता."

तिनं दुसरीकडे ठेवला.

"चार. हा इथलाच, खिडकीखालचा. अगदी हलका."

आणखी एक.

"एकतीस. याच्या तारेखालच्या चाकाला तेल हवंय."

मुलीनं खिडकीतून पाहिलं. पुलापलीकडचा सिग्नल काडीएवढा दिसत होता. त्याचं वजन या म्हाताऱ्या तळहाताला ठाऊक होतं! मागचं हसू कधीच विरलं होतं.

"चुकीचा धरला तर हातच सांगतो, हा तो नव्हे," काका म्हणाले. "बटणं सगळी एकाच वजनाची. हातानं सांगायचं कसं? म्हणून थांबतो, पुन्हा एकदा बघतो."

आई दांड्यांकडे बघत राहिली. पास झालेल्या सहा जणांपैकी दुसऱ्यांदा कुणीच बघितलं नव्हतं. तिनंच त्यांना तसं शिकवलं होतं.

तिनं सातही कागदांवरची 'वेळ: पाच सेकंद' ही ओळ खोडली.

"सगळे परत या. नव्यानं सुरू करू. आता काका शिकवतील, आणि पहिली मी शिकणार."

"मी?" काका गांगरले. "अहो, मला बटणांतलं काय कळतंय?"

"बटणं मी सांगते. थांबायचं कसं, ते तुम्ही सांगा."

मुलीनं स्टॉपवॉच खणात टाकलं. "आई, माझी पण पाळी!"

काकांनी आपलं फडकं तिच्या हातात दिलं.

"पुलापलीकडचा सिग्नल!" आईनं पुकारलं.

मुलीनं सतराव्या बटणावर बोट नेलं, आणि ते जड लागेपर्यंत ती थांबली.